वारशाने आलेली स्वीडिश रायफल

तंजावरहून कुंभकोणकडे जाणाऱ्या रस्त्यावर पापनाशम नावाचे एक गाव लागते. तिरुनेलवेलीच्या बाजूला याच नावाचे दुसरे एक गाव आहे. पण मी म्हणतो ते कावेरीच्या फाट्यांनी वेढलेले, भातशेतीत बुडून गेलेले पापनाशम. गावात एकशेआठ शिवलिंगांचे देवालय आहे आणि नायक राजांच्या काळातले भाताचे एक भव्य जुने कोठारही आहे. चहूकडे पाणी, केळी आणि साळीची शेते. रानडुकराला लपायला झुडूप मिळू नये असा हा मुलूख. अशा ठिकाणी रानातल्या मोठ्या शिकारीची रायफल पाहावयास मिळेल, आणि तीही थेट स्वीडनमध्ये घडवलेली, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

ती मला पाहावयास मिळाली एका मराठी घरात. एकोजीराजांच्या मागोमाग तंजावरात आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज त्या परिसरात आजही आहेत. तीन शतके तमिळ मुलुखात राहूनही घरात ते मराठी बोलतात. तिच्यात तमिळ शब्द मिसळलेले असतात आणि आपल्याकडे केव्हाच हरवलेले काही जुने मराठी शब्दही टिकून असतात. या घरचे अप्पा आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांचे वडील वनखात्यात नोकरीला होते आणि त्यांची बरीचशी हयात अण्णामलईच्या डोंगरात गेली. मायदेशी परत निघालेल्या एका युरोपियन मळेवाल्याकडून त्यांनी ही रायफल विकत घेतली होती. निवृत्तीनंतर ते पापनाशमला आले, त्यांच्याबरोबर रायफलही आली, आणि तेव्हापासून ती एका लोखंडी कपाटात कुलपाआड आहे.

प्रश्न निर्माण झाला तो अप्पांच्या मुलामुळे. मुलगा इंजिनियर असून चेन्नईला असतो. तेथे एका रायफल क्लबचा तो सभासद आहे व त्याला नेमबाजीची चांगली जाण आहे. त्याचे म्हणणे असे, की आजोबांच्या रायफलीला नवा जन्म द्यावा. तिच्यावर दुर्बीण बसवावी, जुना लाकडी दस्ता काढून हलका नवा घालावा, लांब नळी थोडी आखूड करावी, आणि जमल्यास नळीच बदलून सहज मिळणाऱ्या काडतुसांसाठी ती तयार करून घ्यावी. अप्पांचे म्हणणे याच्या अगदी उलट. “दस्ता बदलला, नळी बदलली, मग माझ्या वडिलांचे त्यात काय उरले?” असे ते विचारीत. त्यावर मुलगा म्हणे, “काका, जी वस्तू वापरताच येत नाही ती वस्तू कसली? ते नुसते लोखंड.” सरकारी नोकरीत शस्त्रपरवान्यांच्या फायली माझ्या हाताखालून पुष्कळ गेलेल्या. त्यामुळे दोघांनीही निवाडा माझ्यावर सोपवला. तो देण्यासाठी मला त्या रायफलीचा थोडा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात जे हाती आले ते आपणांस सांगण्याचा आज विचार आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. ज्या बंदुकीला इंग्रजीत ‘बोल्ट-ॲक्शन’ म्हणतात, तिचे तत्त्व आपल्या घरच्या दाराच्या खिटीत आहे. खिटी वर उचलून मागे ओढली की दार मोकळे होते. पुढे सरकवून खाली पाडली की ते पक्के बंद होते. रायफलीच्या नळीच्या मागच्या तोंडाशी अशीच एक पोलादी खिटी असते. ती उचलून मागे घेतली म्हणजे उडालेल्या काडतुसाचे रिकामे टरफल बाहेर पडते. पुढे ढकलली म्हणजे खालच्या पेटीतील नवे काडतूस कोठीत जाऊन बसते. आणि दांडा खाली वळवला म्हणजे खिटीच्या टोकाशी असलेले दोन भक्कम दात चौकटीच्या खाचांत अडकतात. चाप ओढताच दारूचा स्फोट होतो. त्याचा मागे येणारा सारा जोर हे दोन दात झेलतात, आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्या दातांपासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून या यंत्रात केलेल्या कोणत्याही फेरफाराचा विचार त्या दातांपासून सुरू करावा लागतो.

ही रचना परिपूर्णतेस नेण्याचे श्रेय जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझर यांना दिले जाते. त्यांच्या काळात एक मोठी क्रांती घडत होती. १८८६ साली फ्रान्सने धूर न करणारी दारू सैन्यात आणली. जुन्या काळ्या दारूपेक्षा ती फार जोरकस होती. त्यामुळे बोटाएवढ्या जाड शिशाच्या गोळीची गरज उरली नाही. पेन्सिलीसारखी बारीक, लांब व वेगवान गोळी तेच काम अधिक दूरवरून करू लागली. स्वीडन आणि नॉर्वे ही राष्ट्रे त्या वेळी एका राजाच्या छत्राखाली होती. दोघांनी मिळून साडेसहा मिलिमीटर व्यासाचे आणि पंचावन्न मिलिमीटर लांब टरफलाचे एक काडतूस निश्चित केले. तेच आजही ‘६.५ × ५५’ या नावाने ओळखले जाते. १८९४ साली स्वीडनने माउझर पद्धतीची आखूड बंदूक स्वीकारली आणि १८९६ साली लांब नळीची रायफल. पहिल्या बंदुका जर्मनीत तयार झाल्या. पुढे एस्किल्स्टुना गावच्या ‘कार्ल गुस्ताफ’ या सरकारी कारखान्याने त्या लाखांनी घडवल्या. कार्ल गुस्ताफ हे नाव आपल्या सैनिकांना अपरिचित नाही. खांद्यावरून डागण्याचे जे ८४ मिलिमीटरचे अस्त्र भारतीय सेना गेली अनेक वर्षे वापरीत आहे, त्याला हे नाव याच कारखान्यावरून मिळाले.

स्वीडिश गोळीचे वैशिष्ट्य तिच्या लांबीत होते. मूळ गोळी सुमारे दहा ग्रॅम वजनाची आणि बोथट नाकाची असे, व लांब नळीतून ती सेकंदाला सुमारे ७२५ मीटर वेगाने निघे. आजच्या मानाने हा वेग मोठा नाही. परंतु बारीक आणि लांब गोळी हवेत कमी अडते आणि लक्ष्यात खोल शिरते. ती हवेत कोलांटी खाऊ नये म्हणून तिला भोवऱ्यासारखी गिरकी द्यावी लागते. त्यासाठी नळीच्या आतील आटे इतके तिरपे कापलेले असतात, की दर वीस सेंटिमीटरांत एक पूर्ण वेढा होतो. या बेताच्या शक्तीच्या काडतुसावर स्वीडिश शिकारी घोड्याएवढ्या मूस हरणाची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. धक्का कमी बसतो म्हणून माणूस चाप ओढताना दचकत नाही, आणि न दचकणाऱ्याचा नेम चुकत नाही, असे त्यामागचे साधे गणित आहे.

या लष्करी रायफलींच्या दस्त्यावर पितळेची एक वाटोळी चकती बसवलेली असे. तिचे तीन भाग असत. एका भागावर नळीचा व्यास मोजून त्याची खूण, दुसऱ्यावर नळीच्या आतील झिजेची व गंजाची प्रत, आणि तिसऱ्यावर नव्या टोकदार गोळीसाठी नेम किती वरखाली धरावा याची सूचना. म्हणजे प्रत्येक बंदुकीची प्रकृती तिच्या अंगावरच नोंदलेली असे. आमच्याकडे पुष्कळशा माणसांच्याही प्रकृतीची नोंद इतकी व्यवस्थित नसते! शस्त्र बाळगणे म्हणजे त्याची स्थिती सतत जाणून असणे, हा संस्कार त्या चकतीत आहे. पापनाशमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या चकतीनेच सुचवले.

अप्पांची रायफल मात्र लष्करी नव्हती. १८९६ च्याच नमुन्याची यंत्रणा घेऊन नागरी शिकाऱ्यासाठी बांधलेली ती हुस्कव्हार्ना कारखान्याची रायफल होती. हे नाव आपण कोठेतरी वाचले आहे असे पुण्याच्या श्रोत्यांना वाटेल, आणि ते खरे आहे. चाकणला बजाज कंपनीच्या कारखान्यात याच नावाच्या मोटारसायकली तयार होत आल्या आहेत. त्या नावाची कथा मनोरंजक आहे. दक्षिण स्वीडनमध्ये यांचेपिंग शहराजवळ एक धबधबा आहे. त्याच्या पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवून १६८९ साली तेथे राजाच्या सैन्यासाठी बंदुका घडवण्याचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे त्या वर्षी संभाजीमहाराजांचा वध झाला आणि राजाराममहाराज जिंजीकडे निघाले. तो हा काळ. पुढे एकोणिसाव्या शतकात सरकारी मागणी ओसरली, तेव्हा पोलाद बारकाईने कापण्याचे कसब अंगी असलेल्या या कारागिरांनी १८७२ मध्ये शिवणयंत्रे, नंतर सायकली आणि १९०३ पासून मोटारसायकली बनवण्यास आरंभ केला. आज त्या नावाने झाडे कापण्याचे करवत व गवत कापण्याची यंत्रे जगभर विकली जातात. शिकारी रायफली बनवण्याचे तेथील काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबले. परंतु त्यांच्या बोधचिन्हाकडे नीट पाहिले तर नळीच्या बाजूने पाहिलेल्या बंदुकीच्या माशीची आकृती अजूनही त्यात दिसते.

आता असली रायफल भारतात कोणाच्या कामाची होती? इंग्रजी अमदानीत येथे शिकारीच्या बंदुका प्रामुख्याने इंग्रज कारखान्यांच्या येत. पण त्यांतल्याही अनेकांचा गाभा माउझरचाच असे. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बी कंपनीची होती. तिची यंत्रणा मात्र माउझरची, आणि गोळीही अशीच बारीक, सात मिलिमीटरची. तेव्हा स्वीडिश रायफल ही त्याच घराण्यातली एक चुलत बहीण म्हणावी लागेल.

पुढे काळ बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करावयाची शिकारही संपुष्टात आली. आज नरभक्षक झालेल्या किंवा पिकांचा नाश करणाऱ्या जनावराच्या बाबतीत अधिकृत लेखी आदेशाखेरीज कोणालाही वन्य प्राण्यावर बंदूक रोखता येत नाही, आणि हे योग्यच झाले. अप्पांच्या वडिलांनी स्वतः उत्तरायुष्यात शिकार सोडली होती. तात्पर्य, ही रायफल ज्या कामासाठी जन्मली ते काम आता या देशात उरलेले नाही. मुलाला ती हवी होती ती लक्ष्यफलकावर नेमबाजी करण्यासाठी.

येथे कायद्याची बाजू सांगितली पाहिजे. कारण वारशाने बंदूक आली म्हणजे ती दागिन्याप्रमाणे आपोआप आपली झाली, असा पुष्कळांचा समज असतो. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी आम्हांला निःशस्त्र केले व युरोपियनांना मोकळीक दिली. त्याविरुद्ध आपल्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला. स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्रअधिनियम केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यात गोरा-काळा भेद नाही. परंतु शस्त्र बाळगण्याचा अधिकार परवान्यातूनच मिळतो, वारशातून नाही. परवानाधारक मृत्यू पावला तर त्याची बंदूक वारसांनी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारी व्यापाऱ्याकडे जमा करावयाची असते, आणि ज्याला ती हवी त्याने स्वतःच्या नावे परवाना मागावयाचा असतो. धारक हयात असतानाही हस्तांतर होऊ शकते. २०१६ च्या नियमांनुसार धारकाला सत्तर वर्षे झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, म्हणजे तो आपल्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो. अप्पांची दोन्ही बाबतींत पात्रता होती.

त्याखेरीज संख्येचाही प्रश्न असतो. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली, आणि वारशाने मिळणारी शस्त्रेही त्या मर्यादेतच मोजली जातात. जादा शस्त्र जमा करण्यास वर्षाची मुदत होती. अप्पांकडे तीन होती: पिके राखण्यासाठी घेतलेली १२ बोअरची दुनळी, एक लहान .२२ बोअरची रायफल आणि ही स्वीडिश. त्यांनी .२२ सोडली. ती हलकी होती, तिची काडतुसे मिळत आणि ती विकलीही गेली असती. दुनळीसाठी तर आपल्या खडकीच्या कारखान्याची, ‘के. एफ.’ अक्षरांची काडतुसे सहज मिळतात. स्वीडिश रायफलीची मात्र अकराच काडतुसे शिल्लक होती, तीही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. तरी म्हाताऱ्याने ती ठेवली. यावरून त्या वस्तूशी त्यांचे नाते काय असेल याची कल्पना येईल.

आता मुलाने सुचवलेल्या सुधारणा एकेक करून पाहू. पहिली, नळी बदलून ३०-०६ मापाची करण्याची. हे माप आपल्या ईशापूरच्या कारखान्याच्या शिकारी रायफलीचेही आहे, म्हणून कल्पना वरवर व्यवहार्य वाटते. परंतु माउझरच्या १८९६ च्या आणि १८९८ च्या यंत्रणेत मोठा फरक आहे. १८९८ च्या खिटीला पुढच्या दोन दातांखेरीज मागे तिसरा राखीव दात असतो, नळी धरणारे पोलादी कडे अधिक जाड असते, आणि एखादे टरफल फाटलेच तर तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांपासून दूर वळवण्याची सोय असते. स्वीडिश यंत्रणेत तिसरा दात नाही, आणि वायूपासूनचे संरक्षणही त्या मानाने बेताचे. तिचे पोलाद उत्तम आहे आणि आपल्या मूळ काडतुसाचा दाब ती शतकभर निर्धास्तपणे झेलत आली आहे. परंतु तिच्यावर अधिक दाबाचे काडतूस लादणे म्हणजे चांगल्या बैलाला त्याच्या वयाचा विचार न करता दुप्पट ओझ्याला जुंपणे होय. शिवाय ३०-०६ चे काडतूस अधिक लांब असल्याने ते पेटीतही नीट मावत नाही. त्यासाठी पोलाद खरवडावे लागते, आणि नेमके जेथे बळ हवे तेथेच ते कमी होण्याचा धोका असतो. परवान्यावर शस्त्राचे माप लिहिलेले असते, म्हणून मापाचा बदल हा कागदोपत्रीही नव्या शस्त्रासारखाच प्रश्न ठरतो. ही सूचना मुलाने स्वतःच मागे घेतली.

दुसरी सूचना नळी आखूड करण्याची. येथे कायदा स्पष्ट आहे. परवान्याखेरीज अग्निशस्त्राची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करण्याचे कामही ज्याच्याकडे तसा परवाना आहे अशाच कारागिराने करावयाचे असते. गावच्या लेथवर ते होत नाही, मग तो लेथवाला कितीही कुशल असो.

तिसरी सूचना दुर्बिणीची. ती निरुपद्रवी वाटते, पण तिची साखळी मोठी आहे. दुर्बीण बसवण्यासाठी पोलादी चौकटीला वर भोके पाडून त्यांत आटे काढावे लागतात. ती बसली की खिटीचा दांडा वर उचलताना दुर्बिणीला थडकतो; म्हणून दांडा तापवून वाकवावा किंवा कापून नवा जोडावा लागतो. या तापवण्यात उष्णता दातांपर्यंत पोहोचली तर तेथील पोलादाचे पाणी उतरते. मग जुनी उभी फिरणारी सुरक्षा-कळ दुर्बिणीखाली अडकते. तीही बदलावी लागते. दुर्बिणीमुळे डोळा वर जातो, आणि जुना दस्ता गालाला लागत नाही. म्हणून दस्ता बदलावा लागतो. अशा रीतीने एका भोकापासून आरंभ करून माणूस अखेरीस नवी रायफलच बांधतो. जुन्यापैकी उरतो तो फक्त तिच्यावरचा अनुक्रमांक.

मुलाच्या बाजूनेही मोठा आधार होता आणि तो मी अप्पांपुढे मांडला. खुद्द स्वीडिशांनीच या रायफली पुन:पुन्हा बदलल्या आहेत. १९३८ मध्ये आखूड रायफल हवी झाली, तेव्हा लांब रायफलींच्याच नळ्या कापून त्या केल्या गेल्या. १९४१ मध्ये निवडक रायफलींवर दुर्बिणी चढल्या. आणि १९६३ च्या सुमारास कार्ल गुस्ताफ कारखान्याने जुन्या यंत्रणा घेऊन, त्यांना नव्या जाड नळ्या व बारीक छिद्राच्या दर्शिका बसवून नेमबाजीच्या उत्कृष्ट रायफली तयार केल्या. तेव्हा फेरफार करणे म्हणजे वस्तूची विटंबना, असे म्हणता येणार नाही. पण त्या कारखान्यासमोर लाखांची रास होती. दहा हजार बदलल्या तरी मूळ स्वरूपातल्या लाखो मागे उरत होत्या, आणि प्रत्येक फेरफार मोजमाप करून, चाचणी घेऊन होत होता. पापनाशमच्या कपाटात एकच आहे. ती बदलली म्हणजे त्या घरापुरती मूळ वस्तू संपली.

म्हणून मी दोघांना एक कसोटी सुचवली. जो फेरफार उद्या परत फिरवता येतो तो जरूर करावा. जो परत फिरवता येत नाही तो नातवाच्या वतीने नाकारावा. जुना चाप जड वाटला तर नवा बसवता येतो, जुना डबीत जपून ठेवावा. दस्त्याच्या टाचेला कापाकापी न करता रबरी टोपण चढवता येते. भोके न पाडता, आहेत त्याच खाचांत बसणारी बारीक छिद्राची दर्शिका घालता येते. साठीच्या आतल्या डोळ्यांना ती पुरेशी असते. परंतु दस्ता घासून चकचकीत करू नये, कारण त्यावरचे ओरखडे हा त्याचा इतिहास असतो. पोलादाला नवी काळी झिलई देण्यासाठी पृष्ठभाग घासला जातो, आणि त्याबरोबर कारखान्याच्या मोहरा व अंक पुसट होतात. अनुक्रमांक पुसट होणे कायद्याच्या दृष्टीनेही घातक आहे. आणि या सर्वांच्या आधी परवानाधारी कारागिराकडून तपासणी करून घ्यावी: खिटी बंद असताना काडतुसामागे किती अंतर राहते, दातांना चीर आहे काय, दस्ता यंत्रणेमागे तडकला आहे काय, नळीत गंजाचे खड्डे आहेत काय. ही तपासणी होईपर्यंत एकही गोळी उडवू नये.

गंजाचा विषय निघाला म्हणून थोडे अधिक सांगतो. किनारपट्टीवर व नदीकाठी राहणाऱ्या श्रोत्यांना ते उपयोगी पडेल. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या स्फोटक मिश्रणात पोटॅशियमचा एक क्षार असे. स्फोटानंतर मागे राहणारा क्षार मिठासारखाच हवेतली ओल ओढतो. तेलाने तो विरघळत नाही. म्हणून वरून तेल लावले तरी त्याखाली नळी गंजत राहते. त्यासाठी जुनी माणसे नळीतून प्रथम कढत पाणी ओतीत, ती कोरडी करीत आणि मगच तेल लावीत. कातडी म्यानात बंदूक ठेवणे दिसायला रुबाबदार असते, पण कातडे ओल धरून ठेवते. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो. त्या काळात महिन्यातून एकदा तरी कपाट उघडून तेलाचा हात फिरवावा. दस्त्याच्या लाकडाला जवसाचे तेल अगदी थोडे घेऊन तळहाताने चोळावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. तेव्हाही ते कोरडे करून, तेल लावून द्यावे आणि अनुक्रमांकासह पावती घ्यावी.

हे सर्व बोलणे झाल्यावर अप्पांनी एक गोष्ट सांगितली, तिच्यामुळे हा प्रश्न माझ्या दृष्टीने एका घरापुरता राहिला नाही. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. राजवाड्यात मोठे शस्त्रागार होते. तलवारी, कट्यारी, पट्टे, भाले, अंकुश, नायकांच्या काळापासून साठलेले. १८६३ च्या सुमारास ते मद्रास सरकारच्या हाती गेले. निवडक नमुने मद्रासच्या सरकारी संग्रहालयासाठी काढून घेतले गेले, आणि उरलेला फार मोठा भाग मोडून भंगाराच्या भावाने विकला गेला. चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात आज जी तंजावरची शस्त्रे आपण पाहतो, ती त्या मोडतोडीतून वाचलेली. त्यांच्या मुठींवरची कलाकुसर पाहताना जे गेले त्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मोडणाऱ्यांचा युक्तिवादही हाच असला पाहिजे, की जे वापरात नाही ते लोखंड.

अप्पांनी ही गोष्ट मुलाला उद्देशून सांगितली नव्हती, पण ती त्याला पोचली. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “अप्पा, पण त्या शस्त्रागारातल्या तलवारींना कोणी तेल लावीत असते, त्यांची यादी कोणाच्या हाती असती, तर कदाचित त्या अशा गेल्या नसत्या.” हेही खरे होते. नुसत्या कुलपाआड ठेवलेल्या वस्तूला कोणी धनी राहत नाही. वस्तू टिकते ती तिची माहिती असणारा आणि तिच्यावर हात फिरवणारा माणूस पुढच्या पिढीत निपजला तर.

अखेर ठरले ते असे. अप्पांनी मुलाचे नाव वारस म्हणून सुचवून अर्ज केला. मुलाने शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडला, पोलीस चौकशी झाली, आणि यथावकाश परवाना त्याच्या नावे झाला. एका परवानाधारी कारागिराने रायफल उघडून तपासली. दात शाबूत निघाले. नळीच्या तोंडाशी थोडे खड्डे होते, ते तसेच राहू दिले. दर्शिका नवी बसली. काढलेली जुनी पाने आणि स्क्रू एका पाकिटात घालून त्यावर तारीख लिहून ठेवली. ती अकरा काडतुसे उडवावयाची नाहीत, असे दोघांनीही कबूल केले. नवी काडतुसे मिळतील तेव्हा मिळतील; तोवर मुलगा क्लबच्या .२२ रायफलीवर सराव करील. स्वीडिश सैनिकी बंदुकांच्या चकतीची हकीगत त्याच्या मनात भरली होती. त्याने एक वही घातली असून तीत रायफलीचा अनुक्रमांक, नळीची स्थिती, केलेला प्रत्येक फेरफार आणि तेल लावल्याच्या तारखा लिहिल्या जातात. पहिल्या पानावर, रायफल कोणी, कोठे आणि कशी घेतली ही हकीगत अप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, तीही मोडी वळणाच्या मराठीत.

मी गेल्या वर्षी पुन्हा पापनाशमला गेलो तेव्हा पाऊस पडत होता. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून बापलेक बसले होते. खिटी काढून ठेवलेली होती, आणि म्हातारा मुलाला नळी उजेडाकडे धरून आत कसे पाहावे ते दाखवीत होता. निवाडा विचारण्याची आता कोणालाच गरज नव्हती.